डबाभर अंगारा

नवीन अस्तर मी आधी बादलीत भिजवते, वाळवते आणि मगच त्याला कात्री लावते. दुकानदार म्हणतो, "मॅडम, हे आटत नाही, मी सांगतो ना." तू सांगतोस म्हणूनच भिजवते रे बाबा, असं मनात म्हणायचं आणि कापड घेऊन घरी यायचं. इंदिरानगरात इतकी वर्षं ब्लाउज शिवतेय, अस्तर आटल्याची तक्रार घेऊन एक बाई दारात आलेली नाही. पण घरच्यांना त्याचं काय. त्यांच्या लेखी मी शंकेखोर. "हिला देव भेटला तर आधी आधार कार्ड मागेल," हे माझ्या मोठ्या बहिणीचं वाक्य. घरातल्या प्रत्येक लग्नात ते एकदा तरी निघतं आणि सगळे हसतात. मीही हसते. राग येतो, पण हसते.

ही बहीण, आमची ताई, सुरगाण्याच्या डोंगरात राहायची. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. बदली होऊन तिकडे गेले, ताई तिथेच अंगणवाडीत लागली आणि दोघं तिथलेच होऊन गेले. स्वतःचं मूल झालं नाही, पण पाड्यावरच्या दोन पिढ्या तिच्या हातची खिचडी खाऊन वाढल्या. दाजी गेले, ती निवृत्त झाली, तरी नाशिकला यायचं नाव नाही. बोलणंही तिकडचंच झालं होतं. माझ्याशी फोनवर सुद्धा 'लय' आणि 'नाय'. मी चिडवायचे, तर म्हणायची, "तुझी शहरी भाषा तुझ्यापाशी ठेव, आमच्या शेळ्यांना ती समजत नाय."

तिच्या त्या सुखाच्या संसाराला एकच दुखणं होतं, पाणी. पावसाळ्यात तिथे एवढं कोसळतं की भिंतींना बुरशी येते, आणि होळी सरली की बायका हंडे घेऊन खाली नाल्यातल्या विहिरीवर. उतरायला सोपं, चढताना जीव जातो. नळयोजनेचे नळ आले होते. घरोघरी दारात उभे होते. त्यांच्यावर पोरांच्या चड्ड्या वाळत असायच्या. ताईचा गुडघा त्या चढणीनं खाल्ला. मी तिला अस्तराचे उरलेले पांढरे तुकडे पाठवायचे, पाणी गाळायला. विहिरीच्या पाण्यात किडे असायचे, म्हणून हंड्याच्या तोंडाला चौपदरी कापड बांधायची तिची सवय. तेवढंच मला तिच्यासाठी करता येत होतं.

पाड्याच्या वर डोंगरात खडीची खाण होती. दगड फोडून त्याची वाळू करायची, ती धुवायची आणि बांधकामाला पाठवायची, असा तो धंदा. धुतल्यावर जे राखेसारखं पाणी उरतं ते ओढ्यात सोडता येत नाही, म्हणून एका घळीच्या तोंडावर लाल मुरमाचा बांध घालून अडवलं होतं. पाणी जिरायचं, आटायचं, गाळ मागे राहायचा. गाळानं घळ भरत आली की बांधावर आणखी मुरूम टाकून तो उंच करायचा. पाड्यावर त्याला राखाडी तळं म्हणायचे. तळ्याखाली बांध, बांधाखाली उतार, आणि उतारावरचं पहिलं घर ताईचं.

तर एका उन्हाळ्यात ताईचा फोन आला. "देव पावला गं. दारात पाणी आलं." मी म्हटलं, नळाला? तर म्हणाली, "नळाला कशाला, देवाच्या पायाशी."

तिच्या घरामागे, उताराला लागून, शेंदराचा एक दगड होता. पाड्याचा जुना देव. त्याच्या पायाशी पाझर फुटला होता, भर वैशाखात. मी आंबे घ्यायच्या निमित्तानं गेले. सीबीएसवरून बस, बोरगावला उतरून जीप, मग थोडं पायी. जाऊन बघते तर पाझर कसला, तिथे चकचकीत फरशीचा ओटा बांधलेला, दगडावर पत्र्याची छोटी छत्री, आणि ओट्यातून बाहेर आलेला स्टीलचा पाइप. पाइपातून अंगठ्याएवढी धार. बायका हंडे लावून रांगेत, पण हसत. मी त्या बायकांना आधी कधी पाण्याच्या रांगेत हसताना पाहिलं नव्हतं. ताई त्या ओट्याची पुजारीण झाली होती. सकाळी झाडायची, दिवा लावायची, पाइपाला माझ्या अस्तराचा पांढरा तुकडा बांधायची.

"ओटा कोणी बांधला?" मी विचारलं.

"खाणीच्या मॅनेजरनं. लय भला माणूस. पाणी आल्यावर आठ दिवसांत त्यानं सगळं करून दिलं."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. नळयोजनेचा प्लंबर ज्या पाड्यावर वर्षानुवर्षं फिरकला नाही, तिथे खाणवाल्याला एवढी घाई कशाची? आणि देवाला स्टीलचा पाइप लागतो कशाला?

ताईनं ओट्याच्या कडेवरून चिमूटभर राखाडी पूड उचलली आणि माझ्या कपाळाला लावली. म्हणाली, पाणी वाळलं की दगडावर अंगारा उमटतो. कापडातही राहतो. तो लावल्यापासून तिचा गुडघा दुखायचा थांबला होता. नाल्याची चढण थांबली म्हणून गुडघा थांबला, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. पण कपाळावरची पूड बोटांवर घेऊन चोळली. मऊ, पावडरीसारखी, आणि दाताखाली धरली तर बारीक कचकच. ही पूड मी ओळखत होते. आमच्या बिल्डिंगच्या गिलाव्यावरून मी बिल्डरशी वर्षभर भांडलेली बाई आहे. ही खाणीची भुकटी होती. येताना जीपच्या काचेवरही तीच होती, रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवरही तीच. तिथे तिला कोणी अंगारा म्हणत नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण उठता बसता म्हणतो. मी तर दिवसातून चारदा म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदा ते डोळ्यांनी बघत होते.

मी तशीच वर गेले, मॅनेजरकडे. पत्र्याच्या ऑफिसात तो बसला होता. तरणा, इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, "खालचं पाणी तुमच्या तळ्यातलं आहे ना?"

"मॅडम, मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच. काळजी करू नका. झिरपणारं पाणी स्वच्छ असलं की बांध ठणठणीत. बघितलंत ना, किती नितळ आहे?"

"कापडातून आल्यावर नितळ आहे. मग तो अंगारा कुठून येतो?"

त्यानं कप खाली ठेवला. दोन्ही हात जोडले. "मॅडम, तो श्रद्धेचा विषय आहे. त्यात मी बोलत नाही."

काय उत्तर होतं. मी आयुष्यात पुष्कळ बनेल माणसं पाहिली, पण हा उस्ताद निघाला. पाणी त्याच्या हिशेबात होतं आणि पाण्यातली भुकटी देवाच्या. डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर लोक तीच धूळ स्वतःहून कपाळाला लावत होते.

खाली येऊन ताईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं का तुझं? आता आंबे निवड." 

नाशिकला आल्यावर मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना गाठलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आणि त्यांच्या बायकोचे ब्लाउज माझ्याकडे असतात, त्यामुळे त्यांना माझं ऐकावंच लागतं. त्यांनी पूड बोटावर घेतली, वास घेतला. म्हणाले, "पाणी येऊ दे, त्याचं काही नाही. पाण्याबरोबर गाळ यायला लागला की बांध आतून पोखरतोय असं समजायचं. आणि ज्या दिवशी बांधाचीच माती बाहेर येईल, त्या दिवशी खाली कोणी थांबू नये." मग म्हणाले, "तक्रार कर." तेही मला ठाऊक होतं. सरकारी माणूस निवृत्त झाल्यावरच तक्रार करायला सांगतो.

केली तक्रार, कलेक्टर ऑफिसात. खेटे घातले, चपला झिजवल्या. शेवटी एक साहेब बघायला गेले. ताईनं फोनवर सगळं कौतुकानं सांगितलं. मॅनेजरनं आदल्या दिवशी माणसं लावून ओटा धुऊन घेतला, पाइपाला नवीन जाळी लावली. साहेबांनी ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं, नारळ फोडला, देवाला शंभराची नोट ठेवली. "तुझ्या साहेबाला पण पटलं," ताई म्हणाली. मी म्हटलं, ओटा का धुतला, हे कोणी विचारलं का? अंगारा देवाचा आहे तर तो साहेबापासून लपवला कशाला?

"साहेब येणार म्हणल्यावर माणूस अंगण झाडतंच की."

मी फोनवरच तिला हात जोडले. म्हटलं, पावसाचे चार महिने माझ्याकडे ये, मग दिवाळीला जा परत. तर ती उसळली. माझी ताई सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला.

"जन्मभर पाणी वाहिलं मी. डोक्यावर, कमरेवर, ह्या गुडघ्यावर. आता दारात पाणी आलं तर घर सोडून येऊ? तुला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाय का गं? मला मास्तर सांगून आले तेव्हा म्हणालीस दारू पीत असंल. अंगणवाडीत लागले तेव्हा म्हणालीस, पगार बुडवतील. गॅस आला तर म्हणालीस फुटंल. काय झालं त्यातलं? तुझ्या संशयानं एक दिवस तरी कुणाला भाकर दिली का?"

मी फोन ठेवला. खोटं काय बोलली होती ती? काहीच नाही. त्यामुळेच जास्त लागलं. बघूनच घेऊ, असं मनात म्हटलं, आणि पुढच्या क्षणी त्या म्हणण्याची भीती वाटली. बघून घ्यायचं म्हणजे काय बघायचं होतं मला?

आमचा अबोला सुरू झाला. पाऊस लागला. पण आमच्या ताईचा अबोला म्हणजे तोंडाचा, हाताचा नाही. तिकडून सिव्हिलला पेशंट घेऊन येणारा एक जीपवाला होता, त्याच्या हाती ती मला अंगारा पाठवायला लागली. माझं डोकं ताळ्यावर यावं म्हणून असणार. पहिल्यांदा आली ती कागदाची पुडी, चिमूटभर. नंतर काडेपेटी भरून. मग गोळ्यांची रिकामी बाटली, गच्च. मी एकेक देवघरात मागे सारून ठेवत गेले. लावत नव्हते आणि टाकतही नव्हते. रागात होते ना. रागात माणसाला दिसतं सगळं, पण तो ते जुळवत नाही.

आषाढात एका सकाळी जीपवाला दारात. हातात श्रीखंडाचा मोठा डबा. माझाच, दिवाळीला मी त्यातून लाडू पाठवले होते.

"मावशीनं दिलाय. म्हणाल्या, देव आता भरभरून देतोय, सगळ्या बिल्डिंगला वाट."

मी झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला, ओलसर. वरचा थर राखाडी नव्हता. लाल होता.

"हा असा का?"

"तेच तर, मावशी. चार दिवस झाले, अंगाऱ्यात शेंदूर येतोय. लोक लांबून लांबून बघायला येतायत. लय चमत्कार."

काकांचं बांधाच्या मातीचं बोलणं आठवलं. तरी मी मी आहे. तसाच विश्वास ठेवला नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर घातलं आणि बसले बघत, जसं अस्तराचा रंग जातो का ते बघते. पाणी तांबडं झालं. खाली बसलं ते शेंदूर नव्हतं. मुरमाचे बारीक खडे होते, बोटांत धरून मोडता येणारे. तळ्यातला गाळ देऊन झाला होता, आता बांध स्वतःला देत होता. चिमूट, काडेपेटी, बाटली, डबा. ताईनं मला सगळं सांगितलं होतं, वेळच्या वेळी, आणि मी अबोला धरून बसले होते.

फोन लावला तर लागेना. पावसात तिकडे टॉवर झोपतोच. काका गावाला गेलेले. मी मशीनवरचं काम तसंच ठेवून, त्याच जीपमध्ये बसले. सिव्हिलमधून पेशंट सुटेपर्यंत थांबायची तयारी नव्हती माझी, पण जीपवाल्यानं माझं तोंड बघितलं आणि पेशंटच्या माणसाला बसचे पैसे देऊन गाडी वळवली. वणीच्या पुढे धुकं. मी त्याला हळू चालव म्हणाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी पोहोचले. ताई ओट्यावर, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, समोर पाड्यावरच्या आणि बाहेरगावच्या बायका. मला बघून तिला एवढा आनंद झाला की काय सांगू. तिला वाटलं, अंगारा लागू पडला. धार आता अंगठ्याएवढी नव्हती, मनगटाएवढी होती, आणि चहासारखी. पांढरं कापड पाइपावर टिकत नव्हतं म्हणून काढून बाजूला वाळत घातलं होतं. पावसात.

मी बांध, गाळ, काका, काही बोलले नाही. ते सगळं बोलून झालं होतं. तिचा हात धरून ओट्याच्या बाहेर आणली. म्हटलं, "ताई, हा लाल रंग शेंदराचा म्हणतेस. वर बघ, बांध कशाचा आहे?"

तिनं पाहिलं. रोज बघत होती. तरी पाहिलं.

"तो देतोय, मी नाही म्हणत नाही. पण एवढं भरभरून देतोय, तर त्याच्याकडे उरलं किती?"

तिनं ते वाळत घातलेलं कापड उचललं, पिळलं. हाताला लाल चिखल लागला. तो बोटांत चोळून बघितला. मी तिला घाई केली नाही, मनातून मरत होते तरी. मग ती समोरच्या बायकांना म्हणाली, "हंडे राहू द्या. पोरं घ्या आणि शाळेवर चला." शाळा पलीकडच्या टेकाडावर होती.

लोक लगेच हलले असं नाही. त्यांचंही बरोबर होतं, रोपं लावायचे दिवस, शेळ्या, चूल. तेवढ्यात मॅनेजर उतरून आला, निम्म्या वाटेपर्यंत. वर बांधावर जेसीबी मुरूम टाकत होता, आणि मधोमध बांध बसल्यासारखा खाली गेलेला दिसत होता. म्हणाला, "मॅडम, कशाला लोकांना घाबरवता? पावसाळ्यात थोडं गढूळ येणारच. काही होत नाही, माझी गॅरंटी."

ताई त्याच्याकडे बघून म्हणाली, "मग या ना साहेब खाली. माझ्या घरी बसू. चहा टाकते."

तो घड्याळाकडे बघायला लागला. म्हणाला, साइटवर काम आहे.

"काम होऊ द्या. मी वाट बघते. चहा घेतल्याबिगर मी कुठं जात नाय."

तो आला नाही. एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा ताईच्या घराकडे, आणि वर निघून गेला. बस्स. पाड्याला तेवढं पुरलं. अंधार पडायच्या आत सगळी घरं शाळेवर आली, शेळ्या, कोंबड्या, भाताची पोती, आजारी म्हातारी चादरीत घालून.

बांध दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो, कुणीतरी पोरांना पेज वाढत होतं. मी मोठ्या आवाजाची वाट बघत होते, पण तसा काही झाला नाही. बांधाचं मधलं अंग बसलं, आणि त्यामागून ते राखाडी सगळं उतरायला लागलं, आधी सावकाश, घट्ट, मग एकदम. ओटा गेला. देव गेला. ताईचं घर उभं होतं असं क्षणभर वाटलं, मग छप्पर कलंडलं आणि दिसेनासं झालं. दाजींनी लावलेलं आंब्याचं झाड गेलं. खाली शेतांत नुकती लावलेली रोपं होती, ती गेली. माणूस एकही गेला नाही. मी ताईकडे पाहायला भ्याले. पाहिलं तर ती पोरं मोजत होती, अंगणवाडीत मोजायची तशी.

मी बरोबर ठरले. आयुष्यभर वाट पाहिली होती या दिवसाची, की कधीतरी माझा संशय खरा निघावा आणि सगळ्यांनी म्हणावं, ही म्हणत होती. पाड्यानं म्हटलं तसं. माझ्या पाया पडले लोक. मला पळून जावंसं वाटलं.

नंतर जे व्हायचं ते झालं. अतिवृष्टीनं नैसर्गिक झरा फुटला आणि त्यानं बांध नेला, असं खाणवाले सांगायला लागले. झरा होता, हे तर पाडाच सांगत होता, देवाचा ओटा होता, फोटो होते. खाणवाल्यांनी ओटा कशाला बांधला होता ते मला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बांधातून माती येत होती याचा पुरावा विचारला तर तो चिखलाखाली. मग मी तो श्रीखंडाचा डबा घेऊन कलेक्टर ऑफिसात त्याच साहेबांकडे गेले. साहेबांच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं, सांगितलं की हा त्या पाइपातून आलेला अंगारा आहे, तपासून घ्या. साहेबांनी बोलता बोलता, लक्षही नव्हतं त्यांचं, त्यातली चिमूट उचलली आणि कपाळाला लावली.

मी डबा घेऊन परत आले. काकांच्या ओळखीनं तो आता दुसरीकडे तपासायला गेलाय. काय निघेल ते निघेल. माझा भरवसा नाही, हे वेगळं सांगायला नको.

ताई माझ्याकडे आहे. पाड्यावरच्या बायका पुन्हा नाल्यात उतरतात, ते तिला फोनवर कळतं. त्या दिवशी ती जेवत नाही. देवघरापुढे बसत नाही. मी मुद्दाम विचारते, आज दिवा लावायचा का, तर म्हणते, "तू लाव." सकाळी नळाला पाणी आलं की मात्र ती माझ्याआधी उठलेली असते. मी अस्तर भिजवून ठेवलेलं असतं, त्यातला पांढरा तुकडा घेते, नळाला बांधते. कळशी भरली की तुकडा सोडते आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरते. इकडून बघते, तिकडून बघते. बोटानं चोळून बघते. कापडात काही नसतं. गंगापूर धरणाचं गाळून आलेलं पाणी, त्यात काय असणार.

"स्वच्छ आहे गं," मी म्हणते.

"तू सांगतेस म्हणून," ती म्हणते, आणि पुन्हा उजेडात धरते.

लग्नांत आता ते वाक्य निघत नाही. तीच म्हणायची ना ते. परवा भाचीच्या साखरपुड्यात मीच म्हणून बघितलं, "मला देव भेटला तर मी आधी आधार कार्ड मागेन." सगळे हसले. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "मागावंच."

मला माझी जुनी ताई परत पाहिजे.